गाळलेला परिच्छेद

१

गाडीचं मागचं दार उघडलं आणि माझा धाकटा भाऊ शांतलिंग बाहेर कोसळला. तो आतून दाराला टेकून बसलेला असावा. ड्रायव्हर बंडप्पानं त्याला कसंबसं झेललं, जमिनीवर टेकवलं आणि मग स्वतःच शेजारी बसकण मारली. शांतलिंगचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. उजवा तळहात गुलाबी झाला होता. सत्काराचा गुलाल असेल, असं मला वाटलं. त्यानंतर माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार होता, कॅमेरे बंद करायला सांगा.

तेच माझं काम. आंतरराष्ट्रीय कोरडवाहू संघाची कचेरी जिनिव्हात आहे. मादाम इनेस त्याच्या महासचिव आणि मी, नळदुर्गची उमादेवी, त्यांची प्रवक्ता. त्यांना दुःख झालं की ते मी लिहिते, आनंद झाला की तोही मीच. या कामात मी इतकी मुरले आहे की एखादी बातमी आली की मादामच मला विचारतात, "उमा, मला याबद्दल काय वाटतंय?"

त्या दिवशी आमच्याच गावात, हायवेलगतच्या मंगल कार्यालयात संघाच्या बियाणे बँकेचं उद्घाटन होतं. गावोगावचं जुनं ज्वारीचं बियाणं गोळा करायचं काम आमचे यजमान रणधीरराव यांच्या संस्थेकडे होतं आणि ते सांभाळायचं काम शांतलिंगकडे. बियाण्याची मडकी कार्यालयाच्या मागे, उन्हात उभ्या केलेल्या एका बंद शीतगाडीत ठेवली होती.

भाषणाआधी शांतलिंग माझा माईक नीट करायला स्टेजवर आला. "अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडमचे दोन मिनिटं पायजेत. बियाणाचं बोलायचंय."

"भाषण झाल्यावर," मी म्हटलं.

रणधीरराव तिथंच फेट्याचं टोक सारखं करत उभे होते. शांतलिंग मडकी आणायला म्हणून बाजूच्या दारानं मागे गेला. मादाम बोलायला उभ्या राहिल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि मी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते.

भाषण संपल्यावर हलगी सुरू झाली. हार झाले, त्या गाडीसमोर सगळ्यांचा फोटो झाला. मादामना रणधीररावांचा फेटा भारी आवडला. त्यांनी रणधीररावांचा हात धरून त्यांना आपल्या मोटारीत बसवलं आणि आम्ही किल्ला बघायला निघालो. मी पुढच्या सीटवर बसून दोघांचं बोलणं इकडचं तिकडं करत होते. मागे काहीतरी काम राहिलंय, असं रणधीरराव दोनदा म्हणाले. असली वाक्यं मी भाषांतरात घेत नाही. यजमानाची खोळंबलेली कामं पाहुण्याच्या कानावर घालायची नसतात. मी मादामना सांगितलं, "तुमच्यासोबत यायला मिळालं याचा यांना फार आनंद झालाय." मादामनी त्यांचा हात थोपटला. रणधीरराव गप्प झाले.

किल्ल्यातल्या पाणी महालात पाणी नव्हतं. तरी मादामनी तो सावकाश बघितला. परत आल्यावर त्यांना बियाण्याच्या मडक्यांबरोबर फोटो हवा होता, म्हणून बंडप्पानं गाडीचं दार उघडलं.

२

उष्म्यानं आणि आत हवा न मिळाल्यानं मृत्यू झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडीला कडी बाहेरून होती. आतून उघडायची सोय कधीतरी मोडली होती आणि कोणी दुरुस्त केली नव्हती.

पोलीस निरीक्षक बजरंग सुरवसे उंच, थकलेले गृहस्थ होते. मला बघून त्यांनी टोपी काढली. "तुमी बहीण का संघाच्या मॅडम? म्हंजे, मी कुणाशी बोलतोय?"

"दोघींशी," मी म्हटलं.

त्यांनी बंडप्पाला समोर उभं केलं. तो पन्नाशीचा, आमच्याच गल्लीतला, शांतलिंगला खांद्यावर खेळवलेला माणूस होता.

"कडी कुणी लावली?"

"म्याच लावली असंल साहेब," बंडप्पा म्हणाला. "दार उगडं दिसलं की हात जातोच. ध्यानात न्हाय, पण माज्याच हातानं झालं असंल."

"आत बघितलं न्हाय का?"

"बघितलं असतं तर लावली असती का?"

सुरवशांनी एक सुस्कारा सोडला आणि त्याला पोलिसांच्या जीपमध्ये बसवलं. एवढ्यावर प्रकरण संपल्यासारखंच झालं.

मादामची खासगी सचिव अर्पिता माझ्याजवळ आली. ती पुण्याची, कामाला चोख. "उमाताई, निवेदन द्यावं लागेल. पत्रकार बाहेर बसलेत. 'कंत्राटी वाहनचालकाच्या निष्काळजीपणामुळे घडलेला दुर्दैवी अपघात,' एवढंच पुरे. तुम्हाला जमत नसेल तर मी लिहिते."

"लिहिते मीच," मी म्हटलं.

वधूच्या खोलीत बसून मी ते लिहून काढलं. 'एका तरुण, निष्ठावान सहकाऱ्याच्या निधनानं महासचिवांना तीव्र दुःख झालं आहे.' वाक्य उत्तम होतं. कुठं अडखळले नाही, डोळे भरून आले नाहीत. सख्खा भाऊ गेलाय आणि मला काहीच वाटत नाही, याची मात्र लाज वाटत होती. छातीत हात घातला तर तिथं लाकूड लागेल, असं काहीतरी झालं होतं.

बाहेर आले तर बंडप्पाची बायको शिवकांता दारात उभी होती. तिनं माझ्या हातातला कागद बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण तो कागद कसला आहे ते तिला बरोबर कळलं.

"अक्का, पोलिसांचं मागं-पुढं करता येतं. तुमचं टीव्हीवर गेलं की माजा नवरा गेला," ती म्हणाली. "त्यानं केलं असंल तर पाटवा. पर आदी बघा तरी."

मी कागदाची घडी घातली. पत्रकारांना संध्याकाळी बोलते म्हणून निरोप पाठवला आणि सुरवशांना शोधायला गेले.

३

"बघायचं काय राहिलंय मॅडम?" सुरवसे म्हणाले. "कबूल झालाय की तो."

"तो 'असंल' म्हणालाय. त्याला गावातल्या दुष्काळाचा जाब विचारला तरी तो 'माज्यामुळंच झाला असंल' म्हणेल."

सुरवशांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मी त्यांना भाषणानंतरचा फोटो दाखवला. फेटे, हार, मधोमध मादाम आणि मागे गाडीचं दार. दाराला कडी घातलेली स्पष्ट दिसत होती.

"भाषणाआधी शांतलिंग माझ्याजवळ होता," मी म्हटलं. "फोटोत कडी लागलेली आहे. म्हणजे भाषण चालू असताना ती लागली. तेव्हा कोण कुठं होतं, एवढंच विचारायचं."

बंडप्पाला परत बोलावलं.

"मी तर आत हुतो," तो म्हणाला. "बायका बसल्या हुत्या तितं, दाराजवळ, फॅनखाली. मॅडम उटल्या तवापसनं."

"काय बोलल्या मॅडम?" सुरवशांनी विचारलं.

बंडप्पा ओशाळला. "इंग्रजी कळत न्हाय. अक्का सांगत हुत्या त्ये बी निम्मं डोक्यावरनं गेलं. पर लाईट गेली ना मदी? माईक बंद पडला. तवा मॅडम मराटीतच वरडल्या, 'ऊन लई हाय, पाणी प्या.' आमी लई हसलो."

त्यानं सांगितलं ते खरं होतं. ते वाक्य मी मादामना सकाळी मोटारीत गंमत म्हणून शिकवलं होतं आणि लाईट गेल्यावर त्यांना ते अचानक आठवलं. माईक बंद होता, त्यामुळे ते कार्यालयाबाहेर कुणालाही ऐकू गेलं नव्हतं.

"मदीच उठून गेला असंल," सुरवसे म्हणाले, पण त्यांचा आवाज आता तितका ठाम नव्हता.

"उटलो कसा असतो? माज्यापुडं बायका बसल्या हुत्या मांडी घालून. मॅडम खाली उतरल्या तवाच वाट झाली, भायेर आलो तर फोटू चालू हुता."

अर्पिता स्टेजच्या बाजूला होती. तिलाही विचारलं. "भाषण नेहमीपेक्षा छोटं झालं. मादामनी मधली दोन पानं एकदम उलटली आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तिथंच होते." मग खाली बघत म्हणाली, "उमाताई, एक सांगते. गाडीचं गार करायचं मशीन मी बंद करायला लावलं होतं. कॅमेऱ्यात त्याची घरघर येत होती. बंडप्पाला मीच सांगितलं, भाषणाच्या आधी."

"रणधीररावांना हे माहीत होतं?"

"नाही. त्यांना कशाला सांगायचं? भाषण झालं की परत लावायचं होतं, ते राहून गेलं."

सुरवशांनी माझ्याकडे बघितलं. "गाडी गार असंल, असंच सगळ्यांना वाटत हुतं, म्हना की."

४

रणधीरराव स्टेजवरच्या सोफ्यावर बसले होते. त्यांनी फेटा मांडीवर ठेवला होता आणि डोक्यावर त्याचा वळ उमटला होता. तालुक्यात त्यांच्या शब्दाला मान होता. वसतिगृह, पतसंस्था, बियाण्याचं काम, सगळं त्यांनी उभं केलेलं. मला बघून ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, काय बोलावं सुचत न्हाय. पोटच्या पोरासारखा हुता."

"भाषणाच्या वेळी तुम्ही कुठं होता?" मी विचारलं. सुरवसे माझ्या मागे उभे होते. त्यांनी मला विचारू दिलं.

"इथंच. पहिल्या रांगेत." त्यांना जरा राग आल्यासारखं वाटलं. "यजमान हाय मी. कुठं जाणार?"

"मी स्टेजवरून समोरच्या दिव्यांमुळे कुणालाच बघू शकले नाही. म्हणून विचारलं."

"व्हय, दिवे लई होते." ते सावरले. "काय बोलल्या पर मॅडम! आईची गोष्ट सांगितली ना, त्यांच्या बेटावं दुष्काळ पडला तवा आईनं दुधी भोपळ्यात राखेत घालून मक्याचं बी जपलं, लेकरं उपाशी हुती तरी त्याला हात लावू दिला न्हाय. तवा समोरच्या बाया पदरानं डोळे पुसत हुत्या. मला सुदा भरून आलं."

मी मान डोलावली. सुरवसे काहीतरी विचारणार होते, पण मी त्यांना खुणेनं बाहेर नेलं.

"साहेब, शांतलिंगचा हात परत बघायचाय. आणि गाडीतली मडकी."

"हातात काय हाय?"

"तो गुलाल नाही. त्याचा सत्कार झालाच नव्हता."

ज्वारीची मडकी आम्ही दोघांनी एकेक करून उतरवली. मी मूठभर दाणे तळहातावर घेतले, बाटलीतलं पाणी ओतलं आणि चोळले. दाणे वरून पांढरेधोप दिसत होते, पण त्यांच्या देठाशी असलेल्या खाचेत अजून रंग होता. माझा हात गुलाबी झाला.

शेतकऱ्याच्या पोटी जन्मले आहे, त्यामुळे ते काय आहे हे मला सांगावं लागलं नाही. दुकानातल्या पिशवीतल्या बियाण्याला औषध लावून रंग दिलेला असतो. घरच्या बियाण्याला तो कधीच नसतो. आजीआजोबांच्या काळापासून जपलेली म्हणून जी ज्वारी जगभर मिरवणार होती, ती बाजारातून आणून, धुऊन, मडक्यात भरली होती. शांतलिंगला मादामशी नेमकं हेच बोलायचं होतं.

५

आम्ही परत गेलो तेव्हा रणधीररावांनी माझा हात बघितला. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही, पण फेट्यावरची बोटं थांबली.

"रणधीरराव," मी म्हटलं, "आमच्या कामाची एक पद्धत आहे. भाषणाची छापील प्रत पत्रकारांना आणि यजमानांना आधीच देतो. तिच्यावर लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष बोललेलं तेच खरं धरावं. कारण बोलणारा माणूस ऐन वेळी काहीही करतो. आईचा परिच्छेद मीच लिहिला होता. पण मादामची आई या महिन्यात आजारी आहे. त्यांच्यानं तो वाचणं झालं नाही. त्यांनी पानं उलटली, मीही उलटली. मक्याबद्दल, भोपळ्याबद्दल आज इथं एक अक्षरही बोललं गेलं नाही."

"मग... छापलेलं वाचलं असंल मी."

"वाचलंच आहे. पण रडणाऱ्या बाया छापलेल्या नव्हत्या."

सुरवशांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले. "लाईट गेली तवा मॅडम काय म्हनल्या, सांगा बरं."

रणधीररावांनी हातातला फेटा सोफ्यावर ठेवला. हायवेवरून ट्रक गेला की कार्यालयाच्या काचा थरथरत होत्या. लाईट गेली होती, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

"अर्ध्या घंट्याचा प्रश्न हुता," शेवटी ते म्हणाले. "पोरगं ऐकंना. म्हनलं, पुढल्या साली खरं बी गोळा करू, गावोगाव फिरू, आज माझी अब्रू राख. तर म्हनला, अक्काला सांगितलंय, भाषण झालं की बोलणार. आत मडकी काढत हुता. मी दार लोटलं, कडी घातली. बास. जीव घ्यायचा असता तर गार गाडीत कशाला कोंडला असता? तिथं गारव्यात बसंल, मॅडम गेल्या की काढू, हातापाया पडू, असं डोक्यात हुतं."

"हाका मारल्या असतील त्यानं," सुरवसे म्हणाले.

"मारल्या. मग हलगी सुरू झाली."

"आणि मॅडम फोटो काढून निघाल्यावर? तवा का न्हाय काढला?"

रणधीररावांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"मॅडमनी हात धरून गाडीत बसवलं. सगळं गाव बघत हुतं. नको कसं म्हनावं? पर गाडी हलल्यावं म्या सांगितलं, ताई. दोनदा सांगितलं. 'मागं एक काम राहिलंय, मॅडमला म्हनावं दोन मिनिटं थांबा, मी उतरतो.' तुम्ही इंग्रजीत काहीतरी बोलला. मॅडमनी हात थोपटला. मला वाटलं, त्या न्हाय म्हनल्या. मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा कसं विचारावं?"

सुरवसे हळूच म्हणाले, "तुमी काय सांगितलं हुतं मॅडम?"

"यांना फार आनंद झालाय, असं," मी म्हटलं.

सुरवशांनी रणधीररावांना उठवलं आणि नेलं. बंडप्पाला त्यांनी तिथल्या तिथं सोडून दिलं. तो जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरकले. छातीत काही हललं का, ते मी बघितलं. हललं नव्हतं.

६

पत्रकारांना मी सगळं सांगितलं. बियाणं, कडी, बंद केलेलं मशीन आणि मोटारीतलं माझं भाषांतर. सोलापूरच्या एकानं विचारलं, हे संघाचं अधिकृत म्हणणं समजायचं का? मी म्हटलं, माहीत नाही, आधी विचारायला सवड मिळाली नाही. अर्पिता भिंतीला टेकून उभी होती. तिनं मला थांबवलं नाही.

मादामना मी त्यांच्या खोलीत जाऊन तेच इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "मला काय वाटतंय" हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. "तुझ्या आईकडे घेऊन चल," एवढंच म्हणाल्या.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. अंगणात शांतलिंगला खुर्चीत बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, मान ढळू नये म्हणून मागून पांढऱ्या कापडानं बांधलेली. आमची आई, अव्वा, त्याच्या पायाशी बसली होती. नीलम्मा तिचं नाव. तिचं एकदा रडून झालं होतं आणि परत रडायचं बाकी होतं.

मादाम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. बोलल्या, थांबल्या, माझ्याकडे बघितलं.

मी अव्वाला सांगितलं. "त्या म्हणतात, मला त्या माणसाचा फेटा आवडला म्हणून मी त्याला गाडीत घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं. दिवसभर माझ्याभोवती माणसं पळत असतात, ती कशासाठी पळतात ते मी विचारत नाही. तुमचा मुलगा दारापलीकडे होता तेव्हा माझे फोटो निघत होते. माझी आई तिकडं आजारी आहे, तिला मी काय सांगू? क्षमा मागायला मला तोंड नाही, तरी मागते." जरा थांबून मी माझंही सांगितलं. "आणि अव्वा, रणधीररावांनी गाडी थांबवायला सांगितली होती. ते मी यांना सांगितलं नाही. मी दुसरंच सांगितलं."

अव्वानं माझं बोलणं सगळं ऐकलं. तिला कळलं नसेल, असं मला क्षणभर वाटलं. शेजारच्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. अव्वानं शांतलिंगच्या पायावरची माशी हाकलली.

"थांबवली असती तर?" तिनं विचारलं.

"तर कदाचित तो वाचला असता."

अव्वानं शांतलिंगच्या पायाशी पडलेलं फूल उचललं. मग मादामकडे बघून म्हणाली, "तिला म्हनावं, तुजी आई आजारी हाय म्हनं. तू आता घरी जा. तिच्यापाशी बस."

मी ते जसंच्या तसं मादामना सांगितलं. त्या उठल्या, अव्वाच्या पायांना हात लावला आणि बाहेर अर्पिताकडे गेल्या. मी अव्वाजवळ सरकले. तिच्या खांद्याला हात लावणार होते.

"तू बी जा," अव्वा म्हणाली.

ती मराठीतच बोलली होती. मी मात्र तिथंच उभी राहिले, कुणीतरी ते मला समजेल अशा भाषेत सांगेल म्हणून.